गॉड ऑफ वॉर (२००५): रिव्ह्यूनंतर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नेमका कुठला गेम? या नावाचे दोन दिसतात.

दोन आहेतच, आणि दोघांच्याही नावापुढे आकडा नाही, त्यामुळे दुकानात हमखास घोळ होतो. हे पान २००५ च्या गेमबद्दल आहे. मार्च २००५ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला, सोनीच्या सांता मोनिका स्टुडिओने बनवलेला, डेव्हिड जॅफी यांनी दिग्दर्शित केलेला. डब्यावर टक्कल केलेला, राखेसारखा पांढुरका, अंगावर तांबडा पट्टा रंगवलेला माणूस असेल तर तो हा.

२०१८ च्या गेममध्ये तोच माणूस आहे, पण दाढी आली आहे, हातात कुऱ्हाड आहे, बरोबर पोरगा आहे आणि देव ग्रीसचे नसून नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातले आहेत. तुम्ही तो खेळला असाल आणि हा त्याचाच जुना भाग म्हणून घ्यायला निघाला असाल, तर जरा थांबा. त्यातला बाप शांत राहायचा आटोकाट प्रयत्न करत असतो. इथला माणूस तसला कुठलाच प्रयत्न करत नाही.

गोष्ट थोडक्यात सांगाल? शेवट फोडू नका.

सुरुवातच शेवटून होते. क्रेटॉस नावाचा स्पार्टन योद्धा कड्यावर उभा आहे आणि खाली समुद्रात उडी टाकतो. मग आपण तीन आठवडे मागे जातो. युद्धाचा देव आरेस अथेन्स शहर उद्ध्वस्त करायला निघालाय. देवांनी आपसात लढू नये असा देवांचा राजा झ्यूस याचा दंडक असल्यामुळे अथेना ही देवी स्वतः त्याला अडवू शकत नाही. म्हणून ती हे काम एका माणसावर सोपवते. क्रेटॉस एकेकाळी आरेसचाच चाकर होता आणि त्या चाकरीत त्याच्या हातून असं काही घडलंय, की त्याला रात्री झोप नाही. आरेसला मारलंस तर देव तुला क्षमा करतील, असं त्याला सांगितलं जातं.

क्षमा करतील, एवढंच. वाक्य नीट ऐका, पुढे उपयोगी पडेल.

हिंसाचार किती आहे, हे सगळेच सांगतात. कसला आहे ते सांगा.

हा खरा प्रश्न. रक्त भरपूर आहे, पण रक्ताची सवय अर्ध्या तासात होते. क्रेटॉसच्या मनगटांना साखळ्या आहेत, त्या साखळ्यांना पाती, आणि ती पाती गोफणीसारखी गरगरतात. चौकोनाचं बटण हलका वार, त्रिकोणाचं जड वार. इथवर ही नुसती आतषबाजी आहे.

वेगळं आहे ते गोलाचं बटण. त्याने क्रेटॉस समोरच्याला हाताने धरतो. सैनिकाला धरलं की मधोमध फाडतो. मोठ्या राक्षसाला पुरेसा मार बसला की त्याच्या डोक्यावर गोलाची खूण चमकते, ती दिसताच तुम्ही दाबायचं, मग पडद्यावर येतील ती बटणं वेळेत दाबत जायची. चुकलात तर तो तुम्हाला झटकून टाकतो. जमलं तर एकडोळ्या सायक्लॉप्सचा डोळा, केसांच्या जागी साप असलेल्या मेडुसाची मान, बैलाच्या डोक्याच्या मिनोटॉरचा घसा. सिनेमात असला प्रसंग आला की आपण मान फिरवतो. इथे मान फिरवली तर बटण चुकतं. गेम तुम्हाला टक लावून बघायला लावतो आणि करायलाही.

एक प्रसंग जवळून सांगते. पहिल्याच तासात एजियन समुद्रात हायड्राशी, म्हणजे अनेक मुंडक्यांच्या राक्षसी सापाशी, लढाई होते. तिचं मोठं मुंडकं जहाजाच्या मोडक्या डोलकाठीत खुपसून मारायचं असतं. मेल्यावर क्रेटॉस तिच्या घशात उतरतो. तिथे जहाजाचा कप्तान अजून जिवंत, कसाबसा लोंबकळतोय. त्याला वाटतं, सुटलो. क्रेटॉस त्याच्या गळ्यातली किल्ली ओढून घेतो आणि त्याला खाली घशात सोडून देतो. त्याला मारायची काही गरज नव्हती. पहिल्या वेळी मी हसले होते, हे कबूल करते. हाच कप्तान पुढे पाताळातही भेटतो आणि क्रेटॉसला बघून त्याची जी गाळण उडते, तिथे परत हसू येतं. मग आपण कशाला हसलो, याचा विचार उशिरा येतो.

पिंजऱ्यातल्या सैनिकाचा प्रसंग खरंच आहे का?

आहे. आरेसला मारायची ताकद देणारी पँडोराची पेटी ज्या मंदिरात आहे, तिथलं एक दार नरबळी दिल्याशिवाय उघडत नाही. पिंजऱ्यात एक जिवंत सैनिक आहे. तो पिंजरा तुम्ही चढावरून ढकलत वर न्यायचा, मध्येच राक्षस येतात, त्यांच्याशी लढायचं, परत ढकलायचं. तो गयावया करत असतो. वर पोचल्यावर खटका ओढायचा.

हे दोन मिनिटांत संपत नाही. ढकलायला वेळ लागतो, आणि माझ्या मते तोच मुद्दा आहे. राक्षसांचे डोळे काढताना जे हात थरथरत नाहीत ते इथे अवघडतात. दुसरा रस्ता गेम ठेवत नाही. पटत नसेल तर कंट्रोलर खाली ठेवणं एवढाच उपाय, आणि तसं कुणी केलं तर मी त्याला नाजूक म्हणणार नाही.

मुलगा बारावीत आहे, मागे लागलाय. द्यावा का?

माझा भाचा नववीत असताना मागे लागला होता. "मावशी, तू तर खेळतेस" हा त्याचा युक्तिवाद. मी नाही म्हटलं आणि पुढे अठरा पूर्ण झाल्यावर माझीच डिस्क दिली. अमेरिकेत गेमला १७ वर्षांपुढच्यांसाठीचा 'एम' शिक्का आहे, युरोपात १८ चा. आपल्याकडे सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र असतं तसलं काही गेमच्या डब्यावर बघायला मिळत नाही. जे दिसतात ते हेच बाहेरचे शिक्के. दुकानदार ते बघून विकतोच असं नाही, तेव्हा ते तुम्हीच बघा.

बारावीच्या मुलाबाबत वर्षा-दोन वर्षांचा फरक आहे, तुमचा मुलगा तुम्हाला माहीत. पण "कार्टूनसारखंच तर आहे" असं समजून आठवीतल्या मुलाला देऊ नका. आणि एक व्यवहाराची गोष्ट: पहिल्या तासाभरातच, जहाजावरच्या खोलीत, दोन उघड्या अंगाच्या बायका आणि एक शय्येचा प्रसंग आहे. कॅमेरा वेळेवर दुसरीकडे वळतो आणि शेजारचा कुंभ हादरताना दिसतो, पण दिवाणखान्यात आजी बसलेल्या असताना तेवढंही पुष्कळ होतं. मला स्वतःला हा भाग २००५ सालीही बालिश वाटला होता. गोष्टीला त्याची शून्य गरज आहे.

ग्रीक पुराणाशी गेम किती प्रामाणिक आहे?

पात्रं खरी, प्रसंग मनचे. आपल्याकडे कीर्तनकार मूळ आख्यानाला फोडणी देतात, तसंच थोडंफार; पण इथे फोडणीच जास्त आहे.

हायड्रा मूळची समुद्रातली नाही, लर्ना नावाच्या जागेच्या दलदलीतली. तिला हेराक्लीसने, म्हणजे हर्क्युलिसने मारलं. एक मुंडकं तोडलं की दोन उगवत, म्हणून पुतण्या इओलॉस तुटलेल्या जागी डाग देत गेला. मिनोटॉर एकच होता, क्रीट बेटावर, चक्रव्यूहात. गेममध्ये ते पोत्याने आहेत. देवाच्या नावाने भविष्य सांगणारी जागा गेममध्ये अथेन्सला आहे; पुराणातली प्रसिद्ध जागा डेल्फीची, आणि देव अपोलो. क्रोनॉस या टायटनला, म्हणजे आधीच्या पिढीतल्या महाकाय देवाला, झ्यूसने पाताळात, टार्टारसमध्ये कोंडलं, असं प्राचीन ग्रीक कवी हेसिऑड सांगतो. गेममध्ये तो वाळवंटात गुडघ्या-हातांवर रांगतोय आणि त्याच्या पाठीवर साखळ्यांनी अख्खं मंदिर बांधलंय. हे कुठल्याही पोथीत नाही, पण वादळातून तो डोंगराएवढा आकार पहिल्यांदा दिसतो तेव्हा पोथी कुणाला आठवते!

जिच्या पेटीतून जगातली सगळी दुःखं बाहेर पडली, त्या पँडोराची गंमत मात्र सांगायलाच हवी. तिची पेटी ही पेटी नव्हतीच. हेसिऑडने लिहिलेला शब्द 'पिथॉस', म्हणजे धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण. सोळाव्या शतकात इरॅस्मस या विद्वानाने लॅटिनमध्ये सांगताना त्याची डबी केली आणि तीच जगभर रूढ झाली. गेममधली पेटी चांगली मोठी आहे, क्रेटॉस ती ढकलत नेतो. म्हणजे चुकत चुकत ते रांजणाच्या आकारापर्यंत परत आले म्हणायचं.

क्रेटॉस हे पात्र पुराणात आहे का?

नाव आहे, माणूस नाही. क्रेटॉस म्हणजे बळ, सत्ता. 'डेमोक्रसी'च्या शेपटीत तोच शब्द आहे. हेसिऑडच्या वंशावळीत तो स्टिक्सचा मुलगा, नायकी म्हणजे विजय ही त्याची बहीण. ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावर असलेल्या प्रोमिथियसच्या नाटकात तो स्टेजवर येतो आणि प्रोमिथियसला खडकाला जखडून घेतो. झ्यूसचा शिपाई, बोलायला कडवट. देवांविरुद्ध उठलेल्या स्पार्टन सरदाराशी त्याचा संबंध नाही.

गेममधल्या क्रेटॉसचा खरा पूर्वज हेराक्लीस आहे. झ्यूसची बायको हेरा हिने त्याला वेड लावलं आणि त्या भरात त्याने स्वतःची मुलं मारली. काही कथांत बायको मेगारासुद्धा. प्रचलित कथेत त्याची बारा कामं म्हणजे त्या पापाचं प्रायश्चित्त. लहान मुलांच्या पुस्तकांत बारा कामं असतात, कारण नसतं. गेमने कारण उचललं.

पण युद्धदेवच खलनायक? लोक त्याची पूजा करत नव्हते?

आपण कार्तिकेय डोळ्यांपुढे ठेवून विचार करतो, म्हणून हे खटकतं. आरेस म्हणजे देवांचा सेनापती नव्हे. तो कत्तलीचा देव. डावपेच, नगररक्षण, शहाणपणाची लढाई हे खातं अथेनाकडे. होमरच्या इलियड या महाकाव्याच्या पाचव्या सर्गात अथेनाच्या मदतीने डायोमिडीस हा माणूस आरेसला भाला मारतो, आरेस नऊ-दहा हजार माणसांइतक्या आवाजात किंचाळतो आणि बापाकडे तक्रार घेऊन जातो. झ्यूस त्याला सांगतो, सगळ्या देवांत तू मला सर्वांत नावडता. म्हणजे अथेनाने माणसाच्या हातून आरेसला जखमी करणं ही गेमची कल्पना नाही, ती होमरच्या काळापासूनची आहे. गेमने फक्त जखमेवर भागवलं नाही.

आणखी एक, हे मला फार आवडतं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस लिहितो की स्पार्टात एन्यालिऑसची, म्हणजे युद्धदेवाचीच, बेड्या घातलेली मूर्ती होती. देव आपल्याला सोडून पळून जाऊ नये म्हणून. गेममध्ये उलट: साखळ्या देवाने माणसाला घातल्यात, आणि त्या मनगटात भाजून रुतल्यात.

हे वाचून अश्वत्थामा आठवला. चूक की बरोबर?

मलाही आठवला. मृत पत्नी आणि मुलीची राख क्रेटॉसच्या कातडीला शापाने कायमची चिकटली आहे, म्हणून तो पांढरा. कपाळाच्या जखमेवर तेल मागत फिरणाऱ्या अश्वत्थाम्याच्या गोष्टी आपण सातपुड्याच्या बाजूला ऐकल्यात, त्यामुळे अंगावर पाप घेऊन हिंडणारा माणूस आपल्याला परका नाही. फरक एवढाच की अश्वत्थाम्याला हत्यार खाली ठेवावं लागलं, याला ते अजून वापरायचं आहे.

लढाई चांगली आहे, की नुसती बटणं बडवायची?

सोप्या पातळीवर बडवली तरी चालतात. मधल्या पातळीपासून पुढे उजवी काडी शिकावी लागते, ती दाबायची तिकडे क्रेटॉस लोळण घेतो. कॅमेरा तुमच्या हातात नाहीच, तो दिग्दर्शकाने जिथे ठेवला तिथे. आजच्या मुलांना हे विचित्र वाटतं, पण त्यामुळेच प्रत्येक चौकट रंगवलेल्या पडद्यासारखी दिसते. दूरवर अथेन्स जळतंय, त्यात आरेस इमारतींएवढा उभा राहून लोकांना चिरडतोय, आणि तुम्ही पुढच्या गल्लीत दोन हार्पींशी, म्हणजे पंखवाल्या राक्षसिणींशी, झटताय. एवढ्या जुन्या मशीनवर मध्येच 'लोडिंग'चा पडदा जवळजवळ येत नाही, हीही कमाल.

सेकंड हँड डिस्क घेत असाल तर मागची बाजू उजेडात धरून बघा. माझी पहिली प्रत एका दुकानातून आणलेली, मंदिरातल्या एका लिफ्टपाशी पोचली की गुरगुरायची आणि थांबायची. तीन वेळा तिथवर गेले. चौथ्यांदा दुसरी प्रत आणली.

कोडी कितपत अवघड?

ठोकळे ढकला, चाकं फिरवा, खटके ओढा. अवघड नाहीत, पण कल्पना काळ्याकुट्ट आहेत. मंदिर बांधणाऱ्या शिल्पकाराचं कुटुंब तिथेच पुरलंय आणि दारं उघडायला त्यांची मुंडकी किल्लीसारखी वापरावी लागतात. दाराशी एक अर्धमेला माणूस, आत जाऊन मेलेल्यांची प्रेतं जाळत बसलाय. तो त्या मंदिरात शिरलेला पहिला माणूस. मला राक्षसांपेक्षा तो लक्षात राहिला.

सगळ्यात जास्त राग कुठे आला?

पाताळात. पाती लावलेले खांब फिरत असतात आणि त्यांवरून चढत वर जायचं. पातं लागलं की खाली. परत पहिल्यापासून. इथे कथा नाही, लढाई नाही, नुसता छळ. ज्या गेमने आठ तास दम घेऊ दिला नाही, तो इथे अचानक तुमची परीक्षा घ्यायला बसतो. आणि वारंवार मेलात की पातळी सोपी करू का, असं विचारतो. ती सवलत लढाईपुरती. खांबांना तुमची दया येत नाही. दात-ओठ खाल्ले मी.

आज हा खेळायचा कुठे?

जुना प्लेस्टेशन २ असेल तर प्रश्नच नाही. प्लेस्टेशन ३ वर २००९ मध्ये पहिले दोन भाग सुधारून एकत्र आले, तो संच सगळ्यात सोयीचा. तिसरा भाग २०१० चा, त्याची सुधारित आवृत्ती २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ वर आली आणि ती प्लेस्टेशन ५ वरही चालते. पण तिसरा भाग दुसऱ्याच्या शेवटच्या क्षणापासून सुरू होतो, त्यामुळे थेट तिथे उडी मारलीत तर कोण कुणावर चिडलंय ते कळणार नाही.

क्रम: पहिला, दुसरा, तिसरा, मग २०१८ चा. मधले छोटे भाग नाही खेळले तरी चालतं.

२००७ च्या त्या बकऱ्याचं काय प्रकरण होतं?

दुसऱ्या भागाच्या प्रसिद्धीसाठी अथेन्समध्ये मेजवानी ठेवली होती आणि तिथे मारलेला बकरा मांडला होता. छायाचित्रं बाहेर आली, ओरड झाली, सोनीने माफी मागितली. गेमातल्या शेकडो मुंडक्यांवर जेवढी चर्चा झाली नसेल तेवढी एका खऱ्या बकऱ्यावर झाली. मला ते योग्यच वाटतं.

रिव्ह्यूमध्ये हिंसाचाराचे गुण कापता का?

नाही. हिंसाचार फुकट गेला असेल तर कापते. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर या गेमला १०० पैकी ९४ आहेत. माझे दहापैकी साडेआठ. अर्धा गेला खांबांना, एक गेला बायकांच्या चित्रणाला.

पण एक गोष्ट नोंदवते. अथेन्सच्या जुन्या नाटकांत खून सहसा प्रेक्षकांसमोर होत नसे. दूत यायचा आणि आत काय घडलं ते सांगायचा. या गेमने ती रीत शेकडो वेळा मोडली, प्रत्येक खून थेट आपल्या अंगठ्याखाली आणून ठेवला. फक्त एक सोडून. क्रेटॉसच्या हातून बायको आणि मुलगी मारली जातात, ती आठवण म्हणून, चित्रफितीत. तिथे आपल्याला एकही बटण दाबायला दिलेलं नाही. हे नकळत झालं असेल असं मला वाटत नाही.

शेवट आवडला का? (न खेळलेल्यांनी इथेच थांबावं.)

आवडला. आरेस हरतो, क्षमा मिळते. क्रेटॉस म्हणतो, आता त्या आठवणी काढून घ्या. अथेना सांगते, तसं वचन आम्ही दिलंच नव्हतं. म्हणून तो कडा, ती उडी. देव त्याला मरूही देत नाहीत, वर ओढून आरेसच्या रिकाम्या गादीवर बसवतात.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते त्याच्या आधीचं. शेवटच्या लढाईत आरेस त्याला त्याच्याच मनात ढकलतो. घरासमोर बायको आणि मुलगी उभ्या आहेत आणि चारी बाजूंनी क्रेटॉसच येतायत, डझनांनी, त्यांना मारायला. तुम्ही मध्ये उभं राहून स्वतःशीच लढायचं. त्या दोघींचा जीव कमी होत जातो, आणि तो वाढवायचा एकच मार्ग आहे: जवळ जाऊन त्यांना मिठी मारायची, म्हणजे तुमचा जीव त्यांना मिळतो.

पहिल्या वेळी मी तिथे हरले. वार कमी पडले म्हणून नाही. मिठी गोलाच्या बटणाने मारायची असते, आणि नऊ तास त्या बटणाने माणसं फाडल्यावर त्या दोघींजवळ उभं राहून ते दाबायला माझा अंगठा धजला नाही.